मागणी घालायला आलेली कंपनी

इंग्रजी पेपरातलं अर्थविषयक पान वाचताना एक शब्द दर महिन्या-दोन महिन्यांनी हमखास भेटतो. सूटर. अमुक कंपनीला नवा सूटर मिळाला, तमुक बँकेच्या दाराशी तीन सूटर उभे आहेत, शेवटच्या क्षणी सूटरने माघार घेतली, वगैरे वगैरे. डिक्शनरी उघडली तर पहिला अर्थ भलताच निघतो. एखाद्या स्त्रीशी लग्न करायचं मनात धरून तिच्या घराच्या चकरा मारणारा पुरुष! म्हणजे आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर 'स्थळ'. दुसरी कंपनी विकत घ्यायला निघालेल्या कंपनीलाही इंग्रजीत तोच शब्द.

आता इंग्रजांना लग्न आणि व्यवहार यांची अशी सरमिसळ करावीशी वाटली याचं आपल्याला हसू येतं, पण मंडळी, हसण्याआधी आपल्या 'मागणी' या शब्दाकडे बघा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी आणि पुरवठा. घरात मुलीला मागणी आली. कांद्याला मागणी वाढली आणि मुलीला मागणी घातली, दोन्हीकडे शब्द एकच. 'बोलणी' कामगार संघटनेची मालकाशी होतात आणि मुलाकडच्यांची मुलीकडच्यांशीही होतात. याद्या वाण्याच्या असतात, तशा लग्नाच्याही होतात. म्हणजे आपणही काही कमी नाही. उलट आपण हे इतक्या सहज करतो की आपल्या लक्षातसुद्धा येत नाही.

या दोन्ही शब्दांच्या मुळाशी गेलं की गंमत आणखी वाढते. सूटर हा शब्द लॅटिनमधल्या 'मागोमाग जाणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. त्याच घरातले सूट (कपड्यांचा आणि कोर्टातलाही), सू करणे म्हणजे दावा लावणे, आणि पर्स्यू म्हणजे पाठलाग करणे. आता आपलं 'मागणे' घ्या. ते संस्कृतातल्या मार्ग, मार्गण या शब्दांच्या कुळातलं. मार्गण म्हणजे शोध घेणे, माग काढणे. 'माग' आणि 'मागोवा' ही त्याचीच भावंडं. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता लग्नाच्या उमेदवाराला एकच नाव दिलं. कुणाच्या तरी मागावर असलेला माणूस.

मागावर असलेला! शिकारीचा वास येतो ना थोडा? मला तरी येतो.

सूटरचा तिसरा एक अर्थ आहे, तो आता फारसा वापरात नाही. कोर्टात दावा घेऊन गेलेला माणूस. जुन्या इंग्रजीत वादी-प्रतिवादींना, पक्षकारांना सूटर म्हणत. हे तिन्ही अर्थ डोक्यात ठेवून आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिलं की रखमाबाईंची केस आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या रखमाबाई, जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, पण त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या. मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्या ताब्यात द्या. म्हणजे लग्नाच्या आधीचा सूटर राहू द्या, हे लग्न झाल्यानंतरचे सूटर! १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जिला समज येण्याआधी बांधून टाकलं आणि जी कधी नांदायला गेलीच नाही, तिला जबरदस्तीने पाठवणं त्यांना पटलं नाही. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधी जी चर्चा पेटली, तिच्यामागे या खटल्याचा मोठा वाटा होता.

या सगळ्यात मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. होकार कोणाचा होता? दादाजींची बाजू म्हणत होती की लग्न रीतसर झालंय, वडीलधाऱ्यांनी दिलंय. रखमाबाई म्हणत होत्या की मला कोणी विचारलं?

आता परत कंपन्यांकडे येऊ. टेकओव्हरच्या बातम्यांमध्ये लग्नाची भाषा इतकी मुरली आहे की सूटर एकटा येतच नाही, अख्खी वरात घेऊन येतो. कंपनीला नको असलेला सूटर आला की ती एखादा 'व्हाइट नाइट' शोधते, म्हणजे पांढऱ्या घोड्यावरून येऊन सोडवून नेणारा राजपुत्र. सूटरने फारच घसघशीत ऑफर देऊन कंपनीची पंचाईत केली तर तिला 'बेअर हग' म्हणतात, अस्वलाची मिठी. सूटर नकोच असेल तर कंपनी 'पॉयझन पिल' तयार ठेवते, म्हणजे मला हात लावाल तर पस्तावाल.

आपल्याकडेही असे प्रकार घडून गेले आहेत. २००० साली मुंबईच्या गेस्को या बांधकाम कंपनीमागे अभिषेक दालमिया लागले. शेअरला २३ रुपये अशी ओपन ऑफर दिली. प्रवर्तक शेठ कुटुंबाला हे स्थळ अजिबात नको होतं. त्यांनी महिंद्रांना साद घातली. महिंद्रा धावून आले, बोली वाढत गेली आणि शेवटी दालमियांनी आपल्याकडचे शेअर ५४ रुपये भावाने देऊन टाकले. सूटरचं लग्न मोडलं पण खिसा भरला. (आपल्याकडच्या किती मोडलेल्या लग्नांत असं होतं?)

त्याहून सुरस कथा लार्सन अँड टुब्रोची. १९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत सुरू केलेली ही कंपनी. पुढे तिला ठळक असा एक मालकच उरला नाही, शेअर सरकारी वित्तसंस्थांकडे आणि लोकांकडे विखुरलेले. आपल्या भाषेत बोलायचं तर बापाविना पोर. मग काय, मागण्या सुरू. १९८८ पासून रिलायन्सने शेअर जमवले, १९८९ मध्ये धीरूभाई अंबानी अध्यक्ष झाले. दिल्लीतलं सरकार बदललं आणि १९९० मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. २००१ मध्ये रिलायन्सने आपला दहा टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा बिर्लांच्या ग्रासिमला विकला. म्हणजे एक सूटर गेला आणि जाताना आपली जागा दुसऱ्याला देऊन गेला. ग्रासिमचा डोळा मुख्यतः सिमेंटवर होता. २००३-०४ मध्ये तोडगा निघाला, सिमेंटचा धंदा वेगळा होऊन ग्रासिमकडे गेला, आजचं अल्ट्राटेक ते हेच. आणि ग्रासिमकडचा एल अँड टीचा हिस्सा कोणी घेतला? कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या ट्रस्टने. जिला इतकी वर्षं इकडून तिकडे मागण्या येत होत्या तिच्यात तिथे काम करणाऱ्यांचाच मोठा वाटा झाला. मला या सगळ्या कथेत हा भाग सर्वात आवडतो, आणि तोच लोकांना सर्वात कमी माहीत असतो.

आणि मग २०१९. याच एल अँड टीने बंगळुरूच्या माइंडट्री कंपनीतला जवळपास वीस टक्के हिस्सा ९८० रुपये भावाने घेतला आणि ओपन ऑफर आणली. माइंडट्रीच्या संस्थापकांना हे अजिबात नको होतं. पण उपयोग झाला नाही. काही महिन्यांत निम्म्याहून जास्त शेअर एल अँड टीकडे आले, संस्थापक बाहेर पडले आणि २०२२ मध्ये माइंडट्री विलीनही झाली. ज्या कंपनीने स्वतः पंधरा वर्षं नको असलेल्या सूटरांपासून अंग चोरलं, तीच पुढे दुसऱ्याच्या दारात नको असलेली सूटर होऊन उभी राहिली. आपल्याकडे म्हणतात ना, प्रत्येक सासू कधीतरी सून होतीच.

तुम्ही म्हणाल हे सगळं मुंबई-बंगळुरूचं झालं, आपल्या भंडाऱ्याला याचं काय? तर आपला जिल्हा यातून सुटलेला नाही.

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॅंगनीजच्या खाणी सगळ्यांना माहीत आहेत. या भागात मॅंगनीज खणायला इंग्रज आले ते १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटमधून. त्याचीच पुढे सीपीएमओ ही कंपनी झाली. १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि ही ब्रिटिश कंपनी यांची सोयरीक झाली. नवी कंपनी निघाली मॅंगनीज ओर इंडिया, म्हणजे आपली मॉयल. ५१ टक्के सरकारांचे, ४९ टक्के इंग्रजांचे. पंधरा वर्षं हा संसार चालला आणि १९७७ मध्ये सरकारने उरलेले ४९ टक्केही घेऊन टाकले. नंतर २०१० मध्ये मॉयलचे शेअर बाजारात आले. शंभर वर्षांत या डोंगरांचे मालक इतक्या वेळा बदलले, पण खाली उतरून खणणारे हात मात्र याच गावांतले.

किंवा लेलँड घ्या. लाखनीच्या अलीकडे गडेगावला हायवेवर तो कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उभा आहे. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी ही कंपनी काढली तेव्हा तिचं नाव अशोक मोटर्स होतं, मुलाच्या नावावरून. मग इंग्लंडच्या लेलँडने त्यात भाग घेतला आणि १९५५ मध्ये नाव झालं अशोक लेलँड. लग्नानंतर जोडनाव लावावं तसं. १९८७ मध्ये लेलँडचा हिस्सा हिंदुजांनी इटलीच्या इवेकोला बरोबर घेऊन विकत घेतला, २००७ मध्ये इवेकोचाही वाटा घेतला. म्हणजे लेलँड जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि आपण अजून 'लेलँड'च म्हणतो. माहेरचंही नाही आणि सासरचंही नाही, मधल्याच कुणाचं तरी नाव टिकून राहिलं!

यातला आपल्या जिल्ह्यापुरता खास भाग असा की इथे कंपनीची मागणी आणि मुलीची मागणी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. माझ्या लहानपणी साक्षगंध ठरताना मुलाची ओळख कशी करून देत ते आठवा. मुलगा लेलँडमध्ये पर्मनंट आहे. मुलगा जवाहरनगरला ऑर्डनन्समध्ये आहे, क्वार्टर मिळालंय. मुलगा वरठीला सनफ्लॅगमध्ये आहे. मुलगा मॉयलमध्ये आहे. मुलाचं नाव नंतर यायचं. धानाची दोन एकर बांधी हा बोनस. त्या काळी कंपनीचा मालक कोण हे कोणी विचारत नव्हतं, पर्मनंट आहे ना मग झालं. पण १ ऑक्टोबर २०२१ ला देशभरचे ऑर्डनन्स कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आणि आपला जवाहरनगरचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला, तेव्हा कर्मचारी संघटना विरोधात होत्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपांवर बंदी आणणारा कायदाही आला. कर्मचाऱ्यांना सुरुवातीला दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर धरलं, मग मुदत वाढत गेली. हे चूक का बरोबर यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझा मुद्दा एवढाच की नांदायला जाणाऱ्याने नाही म्हटलं तरी वरात थांबत नसते.

आमच्या शेजारी एक काका राहायचे. नागपूर रोडवरच्या एका कारखान्यात होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नसताना कोणाची बदनामी नको. त्यांच्या नोकरीच्या काळात मालक दोनदा बदलला. दोन्ही वेळा काकांना ते कळलं गेटवरच्या पाटीवरून. सकाळच्या पाळीला गेले तर पेंटर शिडीवर चढून जुनं नाव खरवडत होता. ते हसत सांगायचे, "पावने येऊन पोरगी पायून गेले, लगन लागलं, अन् पोरीले वरात आल्यावर कयलं."

आता माझं म्हणणं सांगतो. सूटर हा शब्द कंपन्यांना लावणाऱ्यांच्या डोळ्यासमोर इंग्रजी कादंबरीतलं लग्न असतं. तरुण येतो, गुडघा टेकतो, तरुणी हो किंवा नाही म्हणते. पण टेकओव्हरमध्ये हो किंवा नाही म्हणणारी तरुणी कोण? शेअरहोल्डर. तो तर दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन घरी जाणार आहे, त्याला नांदायचं नाहीच. नांदणार कोण? कामगार, इंजिनिअर, कॅन्टीनवाला, गेटबाहेरचा पानठेला, आणि ज्या गावाचं पाणी तो कारखाना ओढतो ते गाव. त्यांना कोणी विचारत नाही. म्हणजे हे इंग्रजी कादंबरीतलं लग्न नव्हेच. हे आपल्याकडचं जुनं लग्न आहे, ज्यात बाप हो म्हणायचा आणि मुलगी जायची. शब्द विलायती असला तरी रीत आपलीच आहे! म्हणून मला वाटतं, बातमीदारांनी सूटर ऐवजी आपला 'मागणी' हा शब्द वापरावा. त्यात निदान कोणी प्रेमात पडलंय असा आव नाही. मागणी बापाकडे घालतात हे सगळ्यांना माहीत आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शेअरहोल्डर नावाच्या त्या बापाला वाचवण्यासाठी सरकारने केवढे नियम केले आहेत ते बघा. सेबीचा २०११ चा टेकओव्हर कोड. एखाद्याने कंपनीचे २५ टक्के शेअर गाठले की त्याने बाकीच्यांना जाहीर ऑफर द्यायची, कमीत कमी आणखी २६ टक्क्यांसाठी. चोरून काही नाही, पेपरात जाहिरात. किंमत मनाला येईल ती नाही, गेल्या काही दिवसांच्या बाजारभावाच्या सरासरीसारखे मापदंड लावून. पैशाचा ठरलेला भाग आधीच एस्क्रो खात्यात. पुढच्या दोन वर्षांत कंपनीची मोठी मालमत्ता विकायचा विचार असेल तर तो आधीच सांगायचा. स्वतंत्र संचालकांच्या समितीने ऑफर बरी आहे का यावर आपलं मत छापून द्यायचं. दुसऱ्या कोणाला बरी ऑफर आणायची असेल तर त्याला वेळ. शेअर द्यायचे की नाही हे ठरवायला शेअरहोल्डरला कामाचे दहा दिवस. आणि ऑफर देणाऱ्याला 'मन बदललं' म्हणून पळता येत नाही, माघार घ्यायची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत.

शंभर शेअरवाल्या माणसासाठी एवढं! आणि आयुष्यभरासाठी घर बदलणाऱ्या मुलीसाठी आपण काय करतो?

हे लिहायचं कारण आता सांगतो. घरातल्या लोकांना विषय कळेलच, बाकीच्यांना नाव सांगण्याची गरज नाही. आमच्या एका भाचीला तुळशीच्या लग्नानंतर एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात, आयटीत, पगार उत्तम, घर स्वतःचं. पाहुणे दुपारी आले, पोहे झाले, दोघांना गच्चीवर पाठवलं, थोड्या वेळात खाली बोलावलं कारण पाहुण्यांना नागपूरहून रात्रीची गाडी होती. जाताना ते म्हणाले, आमची पसंती आहे, दोन दिवसांत कळवा. भाचीने दोन दिवसांनी नाही म्हटलं. तेव्हापासून घरात जे सुरू आहे ते काय सांगू. मोठे बाबा बोलत नाहीत. मोठी आई म्हणते, पोरगी जास्त शिकली की असंच होते. कोणी म्हणालं आखडू आहे, कोणी म्हणालं बाहेर काही असेल.

मी तिला विचारलं, का गं? ती म्हणाली, "मामा, त्यांनी माझा पगार दोनदा विचारला. मी काम काय करते ते कोणीच विचारलं नाही. लग्नानंतर माझ्या नोकरीचं काय, ते मी विचारलं तर मुलगा म्हणाला, आईला विचारून सांगतो. अजून विचारून आलेला नाही."

आता सांगा, यात आखडूपणा कुठे आला? ऑफर देणाऱ्याने पुढच्या दोन वर्षांचा इरादा सांगितला नाही, म्हणून तिने शेअर दिले नाहीत. सेबीने तिच्या पाठीवर थाप मारली असती. आणि आपण तिच्याशी बोलणं टाकतो!

मला माहीत आहे, मोठे बाबा म्हणतील की लग्न म्हणजे शेअर बाजार नव्हे. अगदी बरोबर. पण मग पसंतीच्या आधी पॅकेज, सोनं, फ्लॅटची किंमत, हॉलचा खर्च कोणी कसा वाटायचा, हे सगळं बोलताना ते शेअर बाजार नव्हतं का? १९६१ पासून हुंड्याला कायद्याने बंदी आहे, तरी 'मुलीच्या हौसेसाठी जे द्यायचं ते द्या' हे वाक्य मी याच वर्षी तीन घरांत ऐकलं. व्यवहार करायचा आणि वर व्यवहार नाही म्हणायचं, यात नुकसान नेहमी एकाच बाजूचं होतं. जिला पुढे नांदायचं आहे तिचं. व्यवहारच असेल तर मग व्यवहाराचे नियम तरी पाळा. आणि व्यवहार नसेल तर तिला पोटभर बोलू द्या, पाहू द्या, नाही म्हणू द्या.

आणि मुलीने स्वतः ठरवणं हे काही परवाच्या कॉलेजातून आलेलं खूळ नाही. विदर्भाच्या पोरींना तर कोणी सांगूच नये. दमयंती विदर्भाची. इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चार देव स्वयंवरात उभे असताना तिने नळाला निवडलं. चार-चार देवांना नकार! रुक्मिणी कौंडिण्यपूरची, आपल्या अमरावती जिल्ह्यातली. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलं होतं. तिने स्वतः निरोप पाठवून कृष्णाला बोलावून घेतलं. टेकओव्हरच्या भाषेत सांगायचं तर प्रवर्तकाने ठरवलेला सूटर धुडकावून कंपनीनेच व्हाइट नाइट आणला. आपण देवळात तिच्या पायावर डोकं ठेवतो आणि घरच्या रुक्मिणीला आखडू म्हणतो. 'वर' या शब्दाचं मूळही निवडणे या अर्थाच्या धातूत आहे. मग निवड एकाच बाजूची का?

तेव्हा आमच्या घरापुरता मी एक टेकओव्हर कोड सुचवतो. चेष्टा समजू नका, मी दिवाळीला सगळे जमले की वाचून दाखवणार आहे.

एक. स्थळ आल्यावर उत्तराला निदान दहा दिवस. रात्रीची गाडी पाहुण्यांची असते, निर्णयाची नसते.

दोन. मुलगा-मुलगी निदान तीनदा भेटतील, आणि त्यातली एक भेट घराबाहेर. मोठ्यांनी मध्ये चहा घेऊन जायचा नाही.

तीन. पुढच्या दोन वर्षांचा इरादा आधी सांगायचा. नोकरी कोणाची सुटणार, राहायचं कुठे, मुलीच्या आईवडिलांना पुढेमागे कोण पाहणार. 'आईला विचारून सांगतो' हे उत्तर धरलं जाणार नाही.

चार. एक स्वतंत्र संचालक. म्हणजे घरातलं असं एक माणूस ज्याला हे लग्न जमण्यात किंवा मोडण्यात काहीच मिळवायचं नाही. मुलीने त्याच्याशी मोकळेपणाने बोलावं आणि त्याने ते इतरांना सांगू नये.

पाच. इथे मी सेबीच्या पुढे जातो. ओपन ऑफरमध्ये एकदा शेअर दिले की ते परत घेता येत नाहीत. आमच्या घरात साक्षगंध झाल्यावरही मुलीला माघार घेता येईल. हॉलचं ॲडव्हान्स बुडालं तर बुडालं.

सहा. नाही म्हटलं की कारण द्यायची सक्ती नाही. आणि नाही म्हणणाऱ्या मुलीशी बोलणं टाकणाऱ्याला पुढच्या लग्नात पंगतीला वाढायचं काम.

कंपन्यांच्या बाबतीत मी असा कोड सुचवून काही होणार नाही, तिथे माझं कोण ऐकतंय. तरी एवढं म्हणेन की ज्या दिवशी कायद्यात शेअरहोल्डरच्या दहा दिवसांसोबत कामगारालाही चार शब्द बोलायची जागा मिळेल, त्या दिवशी सूटर हा शब्द वापरायला माझी हरकत नसेल. एल अँड टीत कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने वाटा उचलला तेव्हा आभाळ कोसळलं नाही, कंपनी त्यानंतर वाढतच गेली. विचारल्याने घर मोडत नाही.

असो. भाचीला दुसरं एक स्थळ आलं आहे म्हणे. या वेळी तिनेच मुलाला फोन करून सांगितलं की आधी भेटू, मग घरच्यांना आणू. मोठ्या बाबांना हे अजून कळलेलं नाही. आता हे वाचून कळेल. मोठे बाबा, नमस्कार करतो, रागावू नका, आणि तिला या रविवारी स्वतः फोन करा. ती वाट पाहते आहे.